आबिस्को ते निक्कालुओक्ता: कुंग्सलेडेनवरच्या केबिन्स कुठे घ्याव्यात, कुठे सोडाव्यात

उत्तर स्वीडनमधल्या कुंग्सलेडेनवर केबिनमधल्या एका खाटेचे पैसे पुण्या-मुंबईतल्या बऱ्या हॉटेलच्या खोलीइतके, आणि त्या पैशांत वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही. पाणी आपणच ओढ्यावरून आणायचं, लाकडं आपणच फोडायची, निघताना खोलीही आपणच झाडायची. बुकिंग करताना हा सौदा कुणालाही महागच वाटेल. पण चार अंशांच्या थंडीत, आडव्या पावसात सहा तास चालून आलेल्या माणसाला त्या खोलीत शेगडी पेटलेली दिसते तेव्हा पैसे कशाचे घेतात ते कळतं. सगळ्याच मुक्कामांवर ते सारखे वसूल होत नाहीत, एवढंच.

स्वीडिश टुरिस्ट असोसिएशन, म्हणजे एसटीएफ, ही १८८५ची संस्था. आबिस्कोपासून दक्षिणेला हेमावानपर्यंत सुमारे ४४० किलोमीटर जाणाऱ्या कुंग्सलेडेन या पायवाटेवरच्या बहुतेक केबिन्स ती चालवते. इथे विचार केलाय तो फक्त उत्तरेकडच्या, सगळ्यात जास्त चालल्या जाणाऱ्या भागाचा. आबिस्को ते आबिस्कोयाउरे १५ किलोमीटर, तिथून आलेस्याउरे २०, चेक्चा १३, सेल्का १२, सिंगी १२, केब्नेकाइसे डोंगराच्या पायथ्याचं मोठं स्थानक (म्हणजे विश्रामगृह) १४ आणि शेवटी निक्कालुओक्ता १९. एकूण साधारण १०५ किलोमीटर. पाट्यांवर आणि नकाशांत एक-दोन किलोमीटरचा फरक सापडतो, त्यात अडकू नका.

हे डोंगर उंचीने फसवतात. वाटेवरची सर्वांत उंच जागा म्हणजे चेक्चाची खिंड, साधारण १,१४० मीटर. आपल्या हरिश्चंद्रगडाचा माथासुद्धा याहून उंच आहे. पण आबिस्को आर्क्टिक वृत्ताच्या दोनशे किलोमीटर उत्तरेला आहे, आणि तिथे झाडं सहाशे-सातशे मीटरवरच संपतात. झाडं म्हणजे तरी काय, वाकडीतिकडी, पुरुषभर उंचीची डोंगरी बर्च. आबिस्कोयाउरेच्या पुढे चढ लागला की ती संपतात, आणि मग थेट केब्नेकाइसेच्या पलीकडे उतरेपर्यंत आडोसा असा नाही. उघड्यावर बसून डबा खायची सवय असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. वारा सुटला तर थांबायचं ते केबिनमध्येच.

दऱ्या हिमनद्यांनी कोरलेल्या आहेत. तळ रुंद आणि सपाट, दोन्ही बाजू उभ्या. आबिस्कोहून दिसणारी लाप्पोर्टेनची अर्धगोल खाच हा याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे सामी लोकांच्या, भाषेत तिचं नाव चुओन्यावाग्गी, म्हणजे हंसांची दरी. अशा दरीत वारा आडवा येत नाही, एक तर तोंडावर येतो नाही तर पाठीवर. सेल्का ते सिंगी हा टप्पा एका दिवशी तीन तासांत होतो आणि दुसऱ्या दिवशी पाच तास घेतो, तो यामुळेच. मार्गदर्शकांत छापलेले तास वारा धरून लिहिलेले नसतात.

पावसाचं गणित आणखी वेगळं. आबिस्कोत वर्षभरात पडतो जेमतेम ३०० मिलिमीटर, स्वीडनमधल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी ती एक. मुंबईत एकट्या जुलैत आठशेच्या वर पडतो. अटलांटिकवरून येणारे ढग नॉर्वेच्या सीमेवरच्या डोंगरांवरच रिकामे होतात आणि आबिस्को त्यांच्या पावसाच्या सावलीत येतं. ही सावली दक्षिणेकडे मात्र टिकत नाही. चेक्चाच्या आसपास ढग खिंडीत येऊन अडकतात. आबिस्कोच्या स्टेशनवर निळं आकाश बघून रेनकोट सॅकच्या तळाशी टाकणारे आलेस्याउरेच्या पुढे भिजतात. शिवाय सह्याद्रीतला पाऊस कोमट असतो, इथला नसतो. जुलैचं सरासरी तापमानच अकरा-बारा अंश. भिजलेला टी-शर्ट अंगावर सुकवायचा हिशोब इथे चालत नाही, त्याने हुडहुडी भरते आणि पुढचे निर्णय चुकायला लागतात. सुती कपडे घरी ठेवा. अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट. पोंचो नको, वारा त्याचं शीड करतो.

आता केबिन्सकडे. सगळीकडे रचना एकच: चार ते दहा खाटांच्या खोल्या, एक सामायिक स्वयंपाकघर, गॅसच्या शेगड्या, भांडीकुंडी, लाकडाची शेगडी आणि तिच्या वर कपडे वाळवायच्या दोऱ्या. उशी आणि पांघरूण मिळतं, चादर किंवा लायनर आपलं. म्हणजे केबिनमध्येच राहणार असाल तर तंबू, मॅट, स्टोव्ह, गॅस, पातेली यांतलं काहीच न्यायचं नाही. सॅक नऊ-दहा किलोंत बसते. पंधरा किलो उचलणाऱ्यांनी बहुतेक वेळा तंबूही घेतलेला असतो आणि केबिनही बुक केलेली असते. दोन्हींचे पैसे, दोन्हींचं ओझं. काय ते एक ठरवा.

पाण्याच्या बादल्यांवर खुणा असतात: पिण्याच्या वेगळ्या, खरकट्याच्या वेगळ्या. पिण्याचं पाणी प्रवाहाच्या वरच्या अंगाने आणायचं, सांडपाणी ठरलेल्या खड्ड्यातच ओतायचं. ही अदलाबदल झाली तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या केबिनची पोटं बिघडतात. वाटेवरच्या वाहत्या ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय सरळ पितात. फक्त दुधाळ, राखाडी दिसणारं पाणी टाळा. ते थेट हिमनदीतून येतं आणि त्यात दगडाचं पीठ असतं. त्याने तहान भागते, पण दातांखाली कचकच लागते.

शेगडीबाबत दोन गोष्टी सतत चुकतात. पहिली, ओंडका तसाच आत ढकलणं. बर्चचा ओंडका आधी चार फाकांत फोडायचा, त्याचीच सुटलेली पांढरी साल खाली ठेवायची (जिवंत झाडाची नाही), वर काडीएवढ्या चिपा, हवेची झडप पूर्ण उघडी. साल ओली असली तरी पेटते, तिच्यात तेल असतं. जाळ धरला की मग झडप अर्धी करायची. दुसरी चूक महाग पडते: ओले बूट शेगडीच्या अगदी जवळ किंवा थेट तिच्यावर टेकवणं. तळव्याचा गोंद मऊ पडतो आणि दोन दिवसांनी सोल उकलून लोंबायला लागतो, तोही नेमका दगडांच्या टप्प्यात. बूट हातभर लांब, आतला सोल काढून, कागद कोंबून ठेवा. पूर्ण वाळत नाहीत, पण घालण्याइतके होतात. निघताना पुढच्यांसाठी फोडलेली लाकडं आणि भरलेली बादली ठेवून जायची, हा अलिखित नियम. केबिनचा राखणदार, स्वीडिशमध्ये 'स्टुगवार्ड', तेवढं नजरेने तपासतोच.

किराणा दुकान आबिस्कोयाउरे, आलेस्याउरे आणि सेल्का इथे आहे. चेक्चा आणि सिंगीला नाही. मिळतं ते असं: पास्ता, कुसकुस, बटाट्याच्या भुकटीचं पाकीट, डबाबंद कडधान्य, कडक ब्रेड, ट्यूबमधलं चीज, चॉकलेट, गरम पाणी ओतून खायची वाळवलेली जेवणं. बराचसा माल हिवाळ्यातच बर्फगाड्यांवरून वर आणून ठेवलेला असतो, म्हणून भाव चढे, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत फळ्या रिकाम्या व्हायला लागतात. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण तिसऱ्या दिवशी तोंडाची चव जाते. मेतकूट, कोरडी चटणी, भाजलेला रवा, जिरं-मोहरीची पुडी बरोबर असली की त्याच कुसकुसचा उपमा होतो. तूप, खवा, पेढे मात्र भारतातून आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत. चरबीसाठी जवळच्या किरुना शहरात लोणी किंवा तेल घ्या. कोरडं सामान माणशी दिवसाला सहाशे ग्रॅम धरा आणि दोन दुकानांमध्ये लागेल तेवढंच पाठीवर ठेवा.

मुक्काम कुठे करावा, यात आमचं मत नेहमीच्या सल्ल्याशी जुळत नाही.

आबिस्कोयाउरे सोपं आहे. पहिला दिवस बर्चच्या रानातून, जवळजवळ सपाट. आबिस्को राष्ट्रीय उद्यानाची हद्द इथपर्यंत असल्यामुळे तंबूवाल्यांना ठरलेल्या जागीच तंबू लावता येतो. हद्दीबाहेर पडलं की स्वीडनच्या सर्वसंचार हक्काप्रमाणे कुठेही. सकाळच्या गाडीने उतरणाऱ्यांनी मात्र एवढं बघावं की 'आबिस्को ओस्त्रा' आणि 'आबिस्को टुरिस्ट' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. वाट सुरू होते ती दुसऱ्याशी. पहिल्याला उतरलात तर सुरुवातच दोन किलोमीटर डांबरी रस्त्याने.

आलेस्याउरे हे या साखळीतलं सर्वांत भरीव ठिकाण. केबिन्स खडकाच्या उंचवट्यावर, खाली तळ्याच्या मुखाशी गाळाने झालेला त्रिभुज प्रदेश, निळसर दुधाळ पाण्याच्या फाट्यांचा. देखणं आहे, पण पाणी खालून वर आणायचं आहे. दोन बादल्या भरून आणताना अर्धी भरली तरच सांडत नाही, पूर्ण भरली की निम्मी बुटात. लाकडावर तापणारा साउना इथे आहे, तसाच आबिस्कोयाउरे आणि सेल्कालाही. वेळा ठरलेल्या असतात: बायकांची, पुरुषांची, मग सगळ्यांची. अंघोळ म्हणून हीच. घाम काढायचा, बादलीने अंगावर पाणी घ्यायचं, हिंमत असेल तर नदीत. आलेस्याउरेच्या अलीकडे तळं लांबच लांब पसरलंय. हंगामात त्यावर सामी लोकांची बोट चालते आणि पाच-सहा किलोमीटर वाचतात. २० किलोमीटरच्या दिवशी गुडघा कुरकुरत असेल तर ते पैसे खुशाल द्या.

पुढचा निर्णय चेक्चाचा. बहुतेकजण चेक्चा गाळून आलेस्याउरेहून थेट सेल्का गाठतात: २५ किलोमीटर, मध्ये खिंड. नकाशावर हे साधं दिसतं, कारण चढ फक्त साडेतीनशे मीटरचा आहे. अडचण चढाची नसून जमिनीची आहे. चेक्चाच्या आधी आणि खिंडीपर्यंत वाट सुट्या दगडांच्या पसाऱ्यातून जाते, बुटाएवढे ते सॅकएवढे. तिथे ताशी दोन किलोमीटरही कधी कधी होत नाहीत. जुलैच्या मध्यापर्यंत खिंडीत बर्फाचे पट्टे असतात आणि दुपारनंतर ते मऊ पडून पाय मांडीपर्यंत आत जातो, खाली ओढा वाहत असला तर आणखी वाईट. चेक्चाची केबिन लहान आहे, दुकान नाही, साउना नाही, आणि सुमारे हजार मीटरवर असल्याने सर्वांत थंड. तरीही ती घ्या. तिथून खिंड सकाळी घेता येते, बर्फ कडक असताना आणि ढग बसायच्या आत. खिंडीत निवाऱ्याची छोटी खोली आहे, ती वाऱ्यात थांबण्यापुरतीच, मुक्कामाची नव्हे.

दिशेचा प्रश्न इथेच सुटतो. आबिस्कोकडून चढ लांबट आणि सौम्य, खिंडीपलीकडे उतार तीव्र. उलट दिशेने आलात तर तोच तीव्र उतार चढायचा. शिवाय खिंडीतून दक्षिणेला चेक्चावाग्गी दरी एकदम उघडते, मैलोन्मैल सरळ, ती समोर ठेवून उतरायला मिळते.

सेल्का हा दुसरा चांगला मुक्काम. दुकान, साउना, आणि एक जादा दिवस ठेवायचा तर तो इथे. बुकिंग तारखेचं असतं. खिंडीत वादळाने एक दिवस गेला की पुढची सगळी साखळी घसरते आणि आधी भरलेले पैसे गुंततात. सहा मुक्कामांत एक मोकळा दिवस ठेवणं स्वस्त पडतं.

सिंगी आम्ही सोडतो. दुकान नाही, साउना नाही, पैसे साधारण तेवढेच. फाटा म्हणून ती जागा महत्त्वाची: दक्षिणेला कुंग्सलेडेन कायटुमयाउरेकडे जाते, पूर्वेला केब्नेकाइसेची वाट. सेल्का ते केब्नेकाइसे २६ किलोमीटर होतात, पण एकूण उतार सौम्य (सेल्का ८३५ मीटर, केब्नेकाइसेचं स्थानक ६९०) आणि जुलैत अंधारच पडत नाही. दम असेल तर एका दिवसात. शेवटचे सहा-सात किलोमीटर दगडांचे आहेत, एवढं लक्षात ठेवून दुपारचं जेवण सिंगीला उरका. केबिनचं स्वयंपाकघर दिवसापुरतं थोडे पैसे भरून वापरता येतं.

केब्नेकाइसेच्या स्थानकाची जात वेगळी. १९०८पासूनचं, वीज, गरम पाण्याचा शॉवर, उपाहारगृह. पाच दिवसांच्या बादल्यांनंतर ते महाल वाटतं आणि बिलही तसंच येतं. रात्रीचं जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. इथून शिखरावर जाणाऱ्यांसाठी: पश्चिमेची वाट नवख्यालाही जमते, पण मध्ये वीएरान्वार्री हा डोंगर चढून पुन्हा खाली उतरावं लागतं, म्हणून एकूण चढाई १,८०० मीटरच्या आसपास जाते आणि दहा ते चौदा तास लागतात. पूर्वेची वाट हिमनदीवरून, वाटाड्याशिवाय नाही. दक्षिण शिखर जुन्या पुस्तकांत स्वीडनचं सर्वोच्च म्हणून छापलेलं असतं. ते बर्फाचं आहे आणि वितळतंय. २०१९च्या मोजणीत ते उत्तरेच्या खडकाळ शिखराच्या, म्हणजे सुमारे २,०९७ मीटरच्या, खाली गेलं. जवळच्या तार्फाला संशोधन केंद्रात स्टॉकहोम विद्यापीठ १९४०च्या दशकापासून तिथल्या हिमनदीचा बर्फाचा ताळेबंद सलग ठेवतंय.

नकाशा कागदाचा हवाच, मोबाइल बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते. वीस हजार एमएएचची पॉवर बँक (७४ वॉट-तास, विमानात हाताच्या सामानात चालते) आठवड्याला पुरते, रात्री पांघरुणात घेऊन झोपा. सरकारी भूमापन खात्याने छापील नकाशे २०१८मध्ये बंद केले. आता खासगी प्रकाशकांचे मिळतात, न फाटणाऱ्या कागदावरचे घ्या. नकाशावर नावं सामी लिपीपद्धतीने, केबिनच्या पाटीवर जुन्या स्वीडिश वळणाने: नकाशात 'आलिस्याव्री', पाटीवर 'आलेस्याउरे'. गाव एकच. याव्री म्हणजे तळं, योह्का नदी, वाग्गी दरी, वार्री डोंगर, चोह्का शिखर, लुओक्ता तळ्याचा बाक. एवढे सहा शब्द पाठ असले की निम्मा नकाशा आपोआप वाचता येतो.

खुणांचा घोटाळा दरवर्षी कुणाला तरी भोवतो. खांबांवरच्या लाल फुल्या म्हणजे हिवाळ्याची, स्कीची वाट. ती गोठलेल्या तळ्यांवरून आणि दलदलीवरून सरळ जाते. उन्हाळ्यात तिच्यामागे गेलात तर गुडघाभर चिखलात. उन्हाळ्याची वाट दगडांवरच्या लाल रंगाने दाखवलेली असते. दलदलीवर दोन-दोन फळ्यांचे साकव आहेत, ओले असले की शेवाळावर घसरल्यासारखं होतं, आणि काठीचं टोक फळ्यांच्या फटीत अडकून काठी मोडते. साकवावर काठ्या उचलून चाला.

हंगाम जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. जुलैत डास, जाळीच्या टोपीशिवाय पाणी भरणं अशक्य. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फ्येलरेवेन या गिर्यारोहण-सामानाच्या कंपनीचा चालण्याचा मोठा कार्यक्रम होतो, हजारो माणसं उलट दिशेने येतात. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचे पहिले दहा दिवस सर्वांत चांगले: डास मेलेले, बर्च पिवळी, जमिनीलगतची झुडपं लालभडक, रात्री अंधार असल्यामुळे ध्रुवीय प्रकाश दिसायची शक्यता. पहाटे गोठतं, हातमोजे लागतात. हंगामाबाहेरही प्रत्येक केबिनची एक खोली संकटासाठी उघडी असते. मुक्कामी पोचल्यावर वहीत नाव आणि पुढचं ठिकाण लिहायचं विसरू नका. शोध घ्यायची वेळ आली तर तीच वही पहिली उघडली जाते. संकटात ११२, आणि रेंज नसल्यामुळे केबिनमधला आणीबाणीचा फोन.

शेवटच्या १९ किलोमीटरमध्ये पुन्हा बर्चचं रान, पुन्हा एक तळं, पुन्हा बोट. धक्क्याशी रेनडिअरच्या मांसाचे बर्गर मिळतात. शाकाहारींनी कॉफीवर भागवावं. बोटीने पाच-सहा किलोमीटर कमी होतात, पण तिचं वेळापत्रक आणि निक्कालुओक्ताहून किरुनाला जाणाऱ्या बसचं वेळापत्रक आदल्या रात्री केब्नेकाइसेच्या स्वागतकक्षात शेजारी शेजारी ठेवून बघा. दिवसाला मोजक्याच बसेस सुटतात, अंतर सत्तरएक किलोमीटर, आणि वाटेत दुसरं वाहन सहसा मिळत नाही. किरुनातला मुक्कामही नव्या नकाशावरून शोधा. लोखंडाच्या खाणीमुळे शहराचं केंद्र हलवलंय, ऑगस्ट २०२५मध्ये तर अख्खं लाकडी चर्च पाच किलोमीटर सरकवलं. जुन्या पुस्तकातल्या पत्त्यावर सॅक घेऊन गेलात तर कुंपण लागेल.